शब्दचर्चा : ‘पदच्युत’, ‘खालसा’, ‘राजाश्रय’ आणि वाजिद अली शाह

प्रश्न : ‘अवधचे पदच्युत नबाब वाजिद अली शाह यांनी मटियाबुर्जमध्ये संगीत-नृत्याला राजाश्रय दिला’ असे वाक्य मी एका लेखात लिहिले आहे. राज्यच उरले नसताना दिलेल्या आश्रयाला ‘राजाश्रय’ म्हणता येईल का? ‘आश्रयदाता’ किंवा ‘संरक्षक’ अधिक योग्य ठरेल का?

उत्तर : ‘राजाश्रय’कडे वळण्यापूर्वी आपल्या वाक्यातला ‘नबाब’ तपासावा, असे मी सुचवेन. हा शब्द मुळात ‘नायब’ म्हणजे प्रतिनिधी या शब्दाच्या कुळातला आहे. अवधचे शासक दिल्लीच्या बादशहाचे प्रतिनिधी होते तोवर तो त्यांना शोभत होता. परंतु 1819 मध्ये गाजीउद्दीन हैदर यांनी स्वतःला बादशाह म्हणवून घेतले आणि 1847 मध्ये गादीवर आलेले वाजिद अली शाह हे त्याच परंपरेतले शेवटचे बादशाह होत. शिवाय मराठीत ‘नबाबी’ म्हटले की लोळणे आणि उधळपट्टी एवढेच मनात येते, हा दोष वेगळाच.

‘पदच्युत’ चुकीचा नाही. मात्र ‘च्युत’ म्हणजे घसरलेला, ढळलेला. त्यात ढकलणारा हात दिसत नाही. (राधाकन्हैयाचा किस्सा ज्याने रंगमंचावर आणला, त्याला ‘अच्युत’च्या नेमके उलट विशेषण मिळावे, हा योगायोगही गमतीचा.) फेब्रुवारी 1856 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने पुढे केलेल्या तहावर सही करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यानंतर अवध खालसा झाले. ‘खालसा’ ऐकले की मराठी वाचकाला सातारा, नागपूर, झाशी आणि नामंजूर दत्तक आठवतात. अवधच्या बाबतीत मात्र वारसाचा प्रश्नच नव्हता, गैरकारभाराचे कारण दाखवण्यात आले होते. म्हणून ‘कंपनीने पदच्युत केलेले’ असे कर्त्यासह लिहावे.

‘संरक्षक’ हे हिंदीचे वळण आहे. मराठीत त्याने पहारेकरी डोळ्यांसमोर उभा राहतो. ‘आश्रयदाता’ चालेल, पण तो अपुरा आहे. आश्रयदाता बैठकीत बसून दाद देतो आणि बिदागी देतो. वाजिद अली शाह स्वतः ‘अख्तर’ या नावाने कविता करत, ‘अख्तरपिया’ या मुद्रेने (रचनेत गुंफलेल्या नावाने) ठुमऱ्या रचत. कथकच्या लखनौ घराण्यातील ठाकूरप्रसाद हे त्यांचे गुरू मानले जातात. अशा माणसाला केवळ आश्रयदाता म्हणणे म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला फक्त शिधा पुरवणारा म्हणण्यासारखे आहे.

आता ‘राजाश्रय’. लखनौच्या कैसरबागेतील काळासाठी तो निःसंशय वापरावा. कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जमध्ये मात्र, 1857 मध्ये सुरू झालेली फोर्ट विल्यम किल्ल्यातील कैद संपल्यावर, इंग्रज सरकारने दिलेल्या वार्षिक 12 लाख रुपयांच्या तनख्यावर गवई, नर्तक, शायर, पतंगबाज आणि आचारी यांची एक छोटी लखनौच त्यांनी 1887 मध्ये मृत्यू येईपर्यंत सांभाळली. तो राजाश्रय नव्हता आणि लोकाश्रयही नव्हता. या काळासाठी ‘पोशिंदा’ हा आपला जुना शब्द मला जवळचा वाटतो.

प्रतिसाद : ‘पोशिंदा’ सुंदर आहे, पण आपण तो शेतकऱ्यासाठी वापरतो, कारण तो स्वतः पिकवून इतरांना खाऊ घालतो. येथे पैसा तर ज्यांनी राज्य घेतले त्यांचाच होता.

उत्तर : हरकत रास्त आहे. मात्र तनखा सरकारच्या तिजोरीतून येत असला, तरी ती तिजोरी अवधच्या महसुलानेही भरत होती, हे विसरता येत नाही. तेव्हा ‘पोशिंदा’ ठेवण्यास मला अडचण दिसत नाही. तो खटकत असेल तर विशेषण गाळून साधे क्रियापद वापरावे : ‘कंपनीने पदच्युत केलेले अवधचे बादशाह वाजिद अली शाह यांनी मटियाबुर्जमध्ये, मिळणाऱ्या तनख्यावर, कलावंतांना पोसले.’ ‘पोसले’ हा शब्द कानाला थोडा रांगडा लागेल, पण ‘राजाश्रय’पेक्षा तो खरा आहे.