जुन्या जॅझ बँडची कॅसेट अर्धा सूर वर वाजतेय, मदत हवी आहे

मंडळी, कॉलेजात आम्ही पाच जण हौसेने जॅझ वाजवायचो. आता साठी ओलांडलेली ही टोळी परवा जमली आणि पियानोवाल्याने तेव्हाच्या तालमीची कॅसेट बाहेर काढली. सोलोआधी टेनर सॅक्सोफोनवाल्याचं ते ठरलेलं खाकरणं ऐकून सगळे खो खो हसलो.

अडचण अशी, की बी फ्लॅट पट्टीतला आमचा १२ बारचा ब्लूज (जॅझमधला बारा मापांचा ठरलेला साचा) चक्क अर्धा सूर वरच्या बी मध्ये ऐकू येतो. त्या पट्टीत आम्ही वाजवणं शक्यच नाही. टेनरवाला बाकीच्यांपेक्षा एक पूर्ण सूर वरची पट्टी धरून वाजवतो, म्हणजे बी फ्लॅटसाठी त्याला साधा सी पुरतो, पण बी साठी सात शार्पचा (सातही सूर अर्ध्याने चढवलेला) सी शार्प लागतो आणि आमचा गडी साध्या सीच्या पलीकडे क्वचितच जायचा! लयही चढलीय, म्हणजे टेप साधारण ६ टक्के जोरात पळतेय. रेकॉर्डिंगच्या वेळी टेपरेकॉर्डरचे सेल उतरून टेप हळू फिरली असावी, म्हणून आता नेहमीच्या वेगाने वाजवली की जोरात पळते. ड्रमवाला मात्र ‘मी तेवढाच फास्ट होतो’ म्हणून अडून बसलाय.

प्लेअरच्या मोटरचा स्पीडचा स्क्रू फिरवू, की आहे तसं कॉम्प्युटरवर घेऊन ऑडॅसिटीत (आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) स्पीड उतरवू? पट्टी आणि लय दोन्ही एकदमच खाली यायला हव्यात. शिवाय दुसऱ्या बाजूला सूर मध्येच हेलकावतो, तो टेपचा दोष की रबरी रोलरचा? रोलर कशाने पुसता?