पीस कोअरचं प्रशिक्षण संपलं, आता नेपाळच्या गावात दोन वर्षं. पहिले महिने कसे काढू?

वैदर्भी_मुलगी:
नमस्कार मंडळी. सातवीपर्यंत नागपूर, नंतर न्यू जर्सी. आता पीस कोअरची, म्हणजे परदेशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेची, स्वयंसेवक म्हणून नेपाळमध्ये आहे. तीन महिन्यांचं प्रशिक्षण झालं, शपथविधी होऊन पाच आठवडे उलटले. पोखऱ्याच्या पश्चिमेला डोंगरातलं गाव आहे आणि सरकारी शाळेत इथल्या इंग्रजीच्या मिसबरोबर शिकवायचं आहे.

प्रशिक्षणात दिवस भरलेला असायचा, सोबतीला बाकीचे स्वयंसेवक होते. इथे मी एकटी. शाळेत अजून मागच्या बाकावरच बसवतात, ज्यांच्या घरी राहते तिथे भांड्याला हात लावू देत नाहीत. लिपी आपलीच, सणही ओळखीचे, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं.

खरं विचारायचंय ते वेगळंच. गेल्या आठवड्यात पाळी आली. घरच्या आमाला (नेपाळीत आई) सांगितलं, तर चार दिवस स्वयंपाकघर बंद, ताट ओसरीवर. माझ्या आजीकडे हेच होतं आणि तेव्हाही मला रडू यायचं. पुढच्या वेळी सांगूच नये का? आमा एरवी फार मायेची आहे.

डोंगरवाट:
मी पोखऱ्याजवळ तीन वर्षं होतो. पहिला सल्ला भाषेचा. 'तिमी' आपल्या कानाला 'तुम्ही' वाटतं, पण ते बरोबरीच्यांना किंवा लहानांना म्हणायचं. मोठ्यांना 'तपाईं'च. मी दोन महिने मुख्याध्यापकांना 'तिमी' म्हणत होतो, कुणी टोकलं नाही. 'मीठो' म्हणजे चविष्ट, गोडाला 'गुलियो', मिठाला 'नुन'. आणि पाटीवरची 'शिक्षा' म्हणजे शिक्षण! लिपी येते म्हणून गाफील राहू नकोस, मराठी माणूस तिथेच फसतो.

काठमांडूकर:
वैदर्भी, मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन इथे अठरा वर्षं झाली. सासर बाहुनांचं, म्हणजे इथल्या ब्राह्मणांचं, तेव्हा तुझं दुखणं मला ठाऊक आहे.

लपवू नकोस. आमाच्या घरात चूल आणि देव एकाच जागी असतील. उद्या कळलं तर तिच्या लेखी ते घर बाटलं, आणि तुझ्यावरचा विश्वास गेला तो गेलाच. पण आत्ताच वादही घालू नकोस. पाच आठवड्यांच्या पोरीने सांगून पन्नास वर्षांची बाई बदलत नाही. ओसरीवर बसायचंच असेल तर एकटी बसू नकोस. घरातल्या किंवा शेजारच्या मुलींना अभ्यासाला बोलाव. आमाला विचार, तुमच्या लहानपणी कसं होतं? माझ्या सासूबाईंना मी हे चौथ्या वर्षी विचारलं. त्या सांगत गेल्या आणि सांगता सांगता रडल्या. त्यानंतर काही महिन्यांनी मला म्हणाल्या, चहा तू कर, पूजेचं तेवढं मी बघते. मला तेवढंही खूप वाटलं होतं.

एक सीमा मात्र ठरवून ठेव. वेगळं ताट एक गोष्ट, आणि गोठ्यात किंवा झोपडीत झोपायला लावणं दुसरी. त्या छाउपडीत बायका-मुली थंडीने, धुराने, सर्पदंशाने दगावल्या आहेत. ती प्रथा मुख्यतः नेपाळच्या सुदूर पश्चिम आणि कर्णाली प्रांतांत आहे. २०१७ च्या कायद्याने तो गुन्हा ठरला: तीन महिन्यांपर्यंत कैद, ३,००० रुपये दंड किंवा दोन्ही. तुला असं कुणी सांगितलं तर त्याच दिवशी तुमच्या कार्यालयाला फोन कर, संकोच करू नकोस. प्रशिक्षणातल्या भाषेच्या मिसशीही बोल. त्या तुझ्या आणि आमाच्या दोघींच्या बाजूने बोलू शकतील.

गावाचं नाव इथे लिहिलं नाहीस ते बरं केलंस.

विक्रोळी_जुना:
पीस कोअर १९६१ मध्ये सुरू झालं आणि १९७६ पर्यंत भारतातही होतं. जिमी कार्टर यांच्या आई लिलियन १९६६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी आमच्या विक्रोळीला आल्या आणि गोदरेजच्या वसाहतीत दवाखान्याच्या कामाला लागल्या. बेटा, त्या वयात त्यांना आपला मुलुख किती परका वाटला असेल! पाच आठवडे फार थोडे आहेत गं. शाळेत बसवतील तिथे बस, मुलांची नावं पाठ कर.

सह्यकडा:
भाद्रपदात तीज येईल, म्हणजे आपली हरतालिका, तिथीही तीच. तिथे आदल्या रात्री 'दर' जेवतात आणि दुसऱ्या दिवशी लाल साड्या नेसून बायका मनसोक्त नाचतात. लाल साडी आत्ताच मिळवून ठेव आणि नाचायला जा. गावातल्या बायका त्या दिवशी जेवढं बोलतात तेवढं वर्षात बोलत नाहीत. दशैंला, म्हणजे तिथल्या दसऱ्याला, घटस्थापनेच्या दिवशी जमरा पेरतात, अगदी आपल्या घटासारखा, आणि त्याची पिवळी रोपं कानामागे खोवतात.

आणि पावसाळ्यात जळवा! मिठाची पुरचुंडी खिशात ठेवायची.

वैदर्भी_मुलगी:
काठमांडूकर ताई, तुमचं दोनदा वाचलं. खोटं बोलणार नाही. काल शनिवार, शाळेला सुट्टी. आमा ढिँडो, म्हणजे नाचणीच्या पिठाचा घट्ट घाटा, करत होती. इथे नाचणीला कोदो म्हणतात, आमच्याकडचा कोद्रा वेगळा. घोटून घोटून तिचा हात भरून आला, तेव्हा मी 'म गर्छु, आमा' म्हणत डाडू हातात घेतला. तिने घेऊ दिला. गुठळ्या झाल्या, पण सगळ्यांनी खाल्ला. मग मी विचारलं, लहानपणी ती चार दिवस कुठे बसायची. तिने गोठ्याकडे बोट दाखवलं आणि पुन्हा चुलीकडे वळली. मी पुढे काही विचारलं नाही.

सह्यकडा, जळवांना नुसतं मीठ पुरतं की तंबाखूचं पाणीही लावायचं? शाळेची वाट पूर्ण गवतातून आहे.