दामदुप्पटवाल्याचं वकीलपत्र घेतलं म्हणून वकिलांकडे भजन बंद?

कातळकर, देवगड: आमच्या वाडीतल्या निम्म्या लोकांचे पैसे दामदुप्पट योजनेत बुडाले. खलाशांचे, म्हाताऱ्यांचे, चाकरमान्यांनी पाठवलेले. त्या भामट्याचं वकीलपत्र वाडीतल्याच वकिलांनी घेतलं, तर यंदा गणपतीत त्यांच्याकडे भजनाला कोणी फिरकलं नाही. हे मला पटलेलं नाही. इंदिरा गांधी हत्या खटल्यात राम जेठमलानी आरोपींच्या बाजूने उभे राहिले. त्या खटल्यात बलबीर सिंगची फाशी हायकोर्टानेही कायम केली होती. सुप्रीम कोर्टाने १९८८ साली त्याला निर्दोष सोडलं.

बंदरावरचा: निर्दोष सुटलेला तेवढा बरा आठवला. १९९३ साली हर्षद मेहता पंतप्रधानांना एक कोटी दिल्याचं सांगायला सुटकेस घेऊन पत्रकारांसमोर बसला, तेव्हा शेजारी कोण होतं? जेठमलानीच. तो काय कोर्टातला बचाव होता? माझ्या आईचे पैसे गेलेत. भजनाला कुठे जायचं ते कायद्याने सांगू नये.

मालवणी माणूस: आरोपीक वकील नको असा कोण म्हणता? पण गावचोच कित्याक? ओरोसक जिल्हा कोर्टात वकील संपले काय?

कातळकर: उद्या ओरोसवालेही हेच म्हणतील. वकील संघटनांनी 'याचं वकीलपत्र कोणी घेऊ नये' असे ठराव करणं बेकायदा आहे, हे सुप्रीम कोर्टाने २०१० सालीच सांगितलंय. कसाबसाठी नेमलेल्या अंजली वाघमारेंच्या घरावर जमाव गेला होता. शेवटी कसाबला वकील मिळाले आणि फाशीही झाली. पण त्याच खटल्यातले फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद पुराव्याअभावी सुटले, आणि ती सुटका सुप्रीम कोर्टापर्यंत टिकली. बचावच झाला नसता तर हे कळलं असतं? (बाकी बांधाच्या दाव्यात दोन-दोन पिढ्या तारखा घेणारे आपण, आपल्याला वकिलांचा एवढा राग कधीपासून?)

बंदरावरचा: कसाब राहूदे. ठेवीदारांच्या १९९९च्या कायद्याखाली त्या भामट्याच्या आंब्याच्या कलमांच्या बागेवर जप्ती आलीय. तिच्यावर हरकत कोणी घेतली? तुमच्याच वकिलांनी! वाडीचे पैसे त्या बागेतच अडकलेत, हे त्यांना ठाऊक नाही?

कातळकर: ठाऊक आहे. पण कोर्टाने जप्ती कायम केल्याशिवाय बाग विकता येत नाही, आणि कायम करण्याआधी मालकाचं म्हणणं ऐकावंच लागतं. न ऐकता कायम केली तर अपिलात उडेल. मग बसा परत पहिल्यापासून.

बंदरावरचा: बाग विकून पैसे हातात पडूदेत, मग भजनाचं बघू.

मालवणी माणूस: तारीख कधी आसा? माझी गाडी जातली ओरोसक. दोघांका जागा आसा, पण वाटेत भांडूचा नाय.