कॉट सोडतोय, डिपॉझिट अडकलंय, जाहिरात कशी लिहू?

परभणीचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर (म्हणजे सगळ्यांच्या खोलीत एका खाटेपुरतं भाडं) राहायलोय, साडेतीन वर्षं झाली. कुठल्या स्पर्धा परीक्षेची तयारी करत होतो ते सांगत नाही, नवी पेठ म्हटल्यावर कळलंच असंल. आता गावाकडं एका पतसंस्थेत काम मिळालंय आणि पुढच्या १ तारखेला हजर व्हायचंय. मालक म्हणायलेत की डिपॉझिटचे ८ हजार पाहिजे असतील तर तुझ्या जागी माणूस आणून दे, मग घेऊन जा. लेखी काहीच नाही, त्यांच्या वहीत माझं नाव आणि रक्कम, बस.

मग मी जाहिरात केली. मजकूर असा: "नवी पेठेत उत्तम कॉट उपलब्ध. शांत परिसर, २४ तास पाणी, सर्व सोयी. फक्त सिरियस विद्यार्थ्यांनी संपर्क साधावा." झेरॉक्सवाल्याकडं, दोन अभ्यासिकांच्या बोर्डावर, मेसमध्ये हात धुवायच्या बेसिनवर, आणि एका जुन्या सामानाच्या साईटवर पण टाकली. नऊ दिवसांत चौदा फोन आले, पाच जण बघायला आले, एकही टिकला नाही. एकजण तर जिन्यातूनच परत गेला, संडासापुढची लाईन बघून.

वरून त्या साईटवर एकाचा मेसेज आला की मी आर्मीत आहे, लहान भावासाठी कॉट पाहिजे, बघायला यायला सुट्टी नाही, तुम्ही क्यूआर स्कॅन करा म्हणजे ॲडव्हान्स तुमच्या खात्यात जमा होईल. हे खरं असतं का? आणि जाहिरातीत नेमकं काय लिहू? हातात अकरा दिवस राहिलेत.

रंकाळ्याचा_वारा

भावा पहिलं ते क्यूआरचं. स्कॅन करू नकोस, ब्लॉक कर त्याला आत्ताच्या आत्ता. पैसे घ्यायला स्कॅन पण लागत न्हाई आणि पिन पण लागत न्हाई, पिन टाकला की पैसे जातात, येत न्हाईत. ह्या आर्मीवाल्या नाटकात माझ्या रूममेटचे ६ हजार गेले, जुना कूलर विकायला काढलेला त्यानं १२०० ला. चुकून काही झालंच तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, लगेच फोन लावायचा, जेवढा उशीर तेवढं अवघड.

आता तुझी जाहिरात. "शांत परिसर" आणि नवी पेठ? लई हसलो. तू जे लिवलंयस ते पुण्यातल्या प्रत्येक कागदावर असतंय, त्यामुळं चुकीची माणसं येतात आणि जिन्यातनं परत जातात. तुझ्या खोलीत खरं काय हाय ते सांग की इथं. पाणी खरंच २४ तास हाय का?

परभणीचा_पाहुणा

खरं सांगू का? पाणी सकाळी सहा ते आठ नळाला, नंतर टाकीचं, आणि टाकी दुपारी दोनला संपती. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन खोल्यांत मिळून नऊ पोरं, संडास एक, बाथरूम दोन. खाली चहाची टपरी आहे, रात्री साडेअकरापर्यंत गोंधळ. माझी कॉट खिडकीजवळची, म्हणजे हवा येती पण आवाज पण तिथूनच येतो.

चांगलं म्हणाल तर अभ्यासिका चालत चार मिनिटं, मेस समोरच्या गल्लीत, आणि मालक कटकट करत नाहीत. रात्री दोनला आलो तरी कोणी विचारत नाही. भाडं ३२०० लाईटबिल धरून, आजूबाजूला ह्या भावात मिळत नाही.

रंकाळ्याचा_वारा

मग झालं की! हेच लिव. रात्री दोनला आलं तरी चालतंय आणि अभ्यासिका चार मिनिटं, ह्या दोन गोष्टींसाठी एखादा गडी टाकीचं पाणी सोसंल. ज्याला सोसवणार न्हाई त्यो फोनच करणार न्हाई, तुझा जिना वाचला.

पीपी_नंबर_७२

विषय वाचून मन कुठच्या कुठे गेलं. मी १९९१ ला नगरहून पुण्यात आलो, टिळक रोडवर कॉलेज. तेव्हा खोली शोधायची म्हणजे सकाळी पेपरातल्या छोट्या जाहिराती पेनाने गोल करायच्या आणि कात्रण खिशात घालून पीसीओवर जायचं. फोन नंबर सहा आकडी आणि निम्म्या नंबरांपुढे "पी. पी." लिहिलेलं, म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, त्यांनी मालकांना हाक मारायची आणि तोवर तुमचं मीटर चालू. काही जाहिरातींना नंबरच नसायचा, नुसता बॉक्स नंबर, मग पेपरच्या ऑफिसात पत्र टाकायचं आणि उत्तराची वाट बघायची. तोपर्यंत खोली कोणीतरी घेतलेली असायची.

पण एक गोष्ट त्यात चांगली होती. जाहिरातीला पैसे शब्दांवर. मी एकदा तुमच्यासारखीच जागा सोडताना जाहिरात द्यायला गेलो, बावीस शब्द लिहून नेले होते. काउंटरवरच्या गृहस्थांनी माझ्यासमोर पेनाने "उत्तम" खोडलं, "प्रशस्त" खोडलं, "हवेशीर" खोडलं, म्हणाले हे वाचून कोणी येत नाही, भाडं आणि पत्ता वाचून येतात. तेरा शब्दांत बसवलं. तुमच्या मजकुरावर तोच पेन चालवला तर "नवी पेठ" आणि "कॉट" एवढंच उरतं बघा. भाडं तर तुम्ही लिहिलेलंच नाही!

लॉ_तिसरं_वर्ष

डिपॉझिटबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि रजिस्टर्ड असला पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नाही. केला नसेल तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि महत्त्वाचं म्हणजे असा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, मालकाने उलटं सिद्ध करेपर्यंत. म्हणजे "माणूस आणून दे" ही अट सुरुवातीला ठरली होती हे त्यांना सिद्ध करावं लागेल.

८ हजारांसाठी कोर्टात जा असं नाही म्हणत, कोणी जात पण नाही. पण बोलताना हे माहीत असलं की आवाज जरा वेगळा लागतो.

शनिवारातल्या_काकू

मी स्वतः शनिवार पेठेत तीन कॉट देते, विद्यार्थ्यांनाच, त्यामुळे दुसरी बाजू सांगते. वरच्या वकील होऊ घातलेल्या मुलाने कलम बरोबर सांगितलंय, मी दरवर्षी करार रजिस्टर करते आणि भाडेकरूंची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन भरते. पण जे करत नाहीत ते सगळे लबाड असतात असं नाही. कॉट जून-जुलैमध्ये आपोआप भरते. दिवाळीनंतर कोणी सोडून गेलं की ती उन्हाळा संपेपर्यंत रिकामी, आणि ज्या घरात त्या भाड्यावर औषधं येतात तिथे ३२०० म्हणजे ३२०० असतात. २०२० च्या मार्चमध्ये माझी तिन्ही मुलं दोन दिवसांत गावी गेली. सामान इथे, मुलं तिकडे, मी कोणाकडून भाडं मागितलं नाही. त्यातल्या एकाची लोखंडी पेटी अजून माझ्या माळ्यावर आहे, फोन केला की म्हणतो काकू येतोच पुढच्या महिन्यात.

"माणूस आणून द्या" हे मीही म्हणते. पण महिनाभर आधी सांगितलं तर डिपॉझिट अडवत नाही. तुम्ही किती दिवस आधी सांगितलंत?

आणि एक. मेसच्या बेसिनवर कागद चिकटवू नका, ओला होतो आणि मेसवाल्या बाईंना खरवडत बसावं लागतं. विजेच्या खांबांवर आणि भिंतींवर तर नाहीच, १९९५ पासून त्याचा कायदा आहे. झाडाला खिळा ठोकून पाटी लावणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही, लिहिलं तर ॲडमिन मलाच काढतील.

परभणीचा_पाहुणा

काकू, वीसेक दिवस आधी सांगितलं. निकालाची वाट बघत बसलो होतो ना, पतसंस्थेचं अचानक झालं. चूक माझी पण आहे थोडी.

कर्वेनगर_ते_पेठ

मुलींच्या जाहिरातींचं मी सांगते कारण चार वर्षांत पाच जागा बदलल्यात. "घरगुती वातावरण" म्हणजे साडेआठला गेट बंद. "कॉलेजपासून जवळ" मध्ये कुठलं कॉलेज ते कधीच लिहिलेलं नसतं. "जेवणाची सोय" म्हणजे मेसवाल्याचा नंबर देतील. "स्वतंत्र" हा शब्द कपाटाबद्दल आहे की बाथरूमबद्दल ते फोनवर विचारून घ्यायचं, मी नाही विचारलं आणि दोन वर्षं एका कपाटात तिघी होतो. आणि "सुसंस्कृत मुलींसाठी" लिहिलेलं असेल तर पुढे आडनाव विचारतातच. शाकाहारी पाहिजे तर शाकाहारी लिहा ना सरळ, मी अंडं खाते, मला पण वेळ वाचेल. आडनावावरून जे ठरवायचं असतं ते कागदावर लिहायची हिंमत मात्र नसते.

नंबरबद्दल सावध राहा. मुलगा असलास तरी. माझ्या मैत्रिणीने कॉट सोडताना स्वतःचा नंबर अभ्यासिकेच्या दारावर लावला, कॉट भरली, कागद तिने फाडला, पण कोणीतरी फोटो काढून ठेवलेला. सात-आठ महिने रात्री फोन येत होते. आता आम्ही जुनं सिम एका डबड्या फोनमध्ये टाकून तोच नंबर देतो, काम झालं की बंद. आणि कागदाच्या खाली नंबरच्या उभ्या पट्ट्या कापायच्या, म्हणजे ज्याला पाहिजे तो पट्टी फाडून नेतो. किती पट्ट्या गेल्या ते बघून जागा चांगली की वाईट तेपण कळतं. झेरॉक्सच्या दुकानापेक्षा अभ्यासिकेच्या चपलांच्या रॅकवरच्या पट्ट्या लवकर संपतात, हे मी मोजलंय, हसू नका.

अजून एक, त्याच बोर्डवर "घरबसल्या टायपिंग, महिना १८ हजार" वाले कागद असतात. कॉट शोधणारी नवी मुलं तेपण फोन करतात. आधी रजिस्ट्रेशनचे पैसे मागतात, मग काम चुकलं म्हणून वकिलाच्या नावाने नोटीस पाठवून अजून पैसे मागतात. आमच्या खोलीतली एकजण रडत होती ती नोटीस बघून. घाबरून भरू नका कोणी.

कयाधूकाठचा_मामा

हा धागा वाचतच होतो. माझा भाचा हिंगोलीचा, बी.एस्सी. झालाय, पुढच्या आठवड्यात पुण्याला येणार आहे तयारीसाठी. आमचं तिथं कोणीच नाही. परभणीवाले भाऊ, तुमची कॉट अजून आहे का? असंल तर आत्ताच २ हजार पाठवतो, दुसऱ्याला देऊ नका. पाण्याचं काही नाही, पोरगा गावात टँकरवर वाढलाय.

परभणीचा_पाहुणा

मामा, कॉट आहे. पण पैसे पाठवू नका. मी कोण, कुठला, तुम्हाला काय माहीत? वरती आर्मीवाल्याचं वाचलंत ना, मी पण तसाच असू शकतो. भाच्याला येऊ द्या, दोन रात्री माझ्या कॉटवर झोपू द्या, मी बाजूच्या दोस्ताकडं झोपतो. टपरीचा आवाज, सकाळची लाईन, सगळं बघू द्या. मग मालकांच्या हातात द्या काय द्यायचं ते, माझ्या नाही. आणि वहीत नाव त्याच्यासमोर लिहून घ्या, त्या पानाचा फोटो काढा.

लॉ_तिसरं_वर्ष

मामा, भाचा अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध प्रवर्गातला असेल, कॉलेजात ॲडमिशन घेणार असेल आणि सरकारी वसतिगृहात नंबर लागला नसेल तर समाजकल्याणच्या स्वाधार योजनेची चौकशी करा. पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात, जेवण, राहणं सगळं धरून. नुसत्या क्लाससाठी येत असेल तर मात्र त्यात बसणार नाही.

कयाधूकाठचा_मामा

नाही भाऊ, नुसता क्लास. पण सांगितलं ते बरं केलं, गल्लीतल्या एका पोराच्या कामाचं आहे. परभणीकर, मंगळवारी सकाळी पोरगा स्वारगेटला उतरतो. तुमचा नंबर खाजगीत टाका.

परभणीचा_पाहुणा

टाकला. तोपर्यंत जाहिरात नवीन केलीच आहे, भाच्याला नाही पटलं तर असू द्यावी म्हणून. बघा कशी वाटती:

"नवी पेठ, कॉट १, खिडकीजवळ. ३२०० लाईटसह, डिपॉझिट ८०००. तिसरा मजला, लिफ्ट नाही. नळ ६ ते ८, टाकी दुपारी २ पर्यंत. ९ जणांत संडास १. रात्री ११.३० पर्यंत खाली टपरीचा आवाज. अभ्यासिका ४ मिनिटं. यायची-जायची वेळ नाही. कोणीही चालेल."

पीपी_नंबर_७२

शब्द जास्त झालेत पण एकही खोडण्यासारखा नाही. "कोणीही चालेल" आवडलं.

शनिवारातल्या_काकू

"९ जणांत संडास १" हे तुमच्या मालकांनी वाचलं तर काय होईल हे मला बघायचंय.

परभणीचा_पाहुणा

काकू, वाचलं त्यांनी! अभ्यासिकेच्या रॅकवर लावलेलं कोणीतरी त्यांना फोटो काढून पाठवलं. संध्याकाळी बोलावलं, म्हणले माझी इज्जत काढली. मग कलम ५५ चा विषय मी हळूच काढला, भांडण नाही केलं, नुसतं विचारलं की करार करायचा राहिला का आपला. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणले भाचा येऊ दे, बघू.

आज बुधवार. पोरगा काल आला, रात्री गाढ झोपला, टपरी चालू असताना. सकाळी लाईनीत तिसरा होता. विचारलं कसं वाटलं, तर म्हणतो दादा मेसला खाडे धरतात का? म्हणलं धरतात, पण आदल्या दिवशी सांगावं लागतं, आणि रविवारी रात्री बंद. म्हणतो मग चालतंय. मालकांनी ७५०० दिले, ५०० भिंतीला खिळे मारले म्हणून कापले. खिळे माझ्या आधीच्या पोराचे होते, पण जाऊ द्या. माझी बादली आणि टेबललॅम्प त्यालाच देऊन चाललोय.

रंकाळ्याचा_वारा

जमलं की भावा! आता त्यो झेरॉक्सवरचा जुना कागद काढून टाक, "२४ तास पाणी" वाला. अजून तिथंच हाय, आत्ताच बघून आलो.