पोटातला ‘थंडावा’ घालवायचा कसा? चिनी ‘हान’साठी मराठी शब्द हवा आहे

जाईजुई
चिनी वैद्यकाची ओळख करून देणारी एक छोटी पुस्तिका मी सध्या इंग्रजीतून मराठीत आणत आहे. तिच्यात ‘लीजुंग वान’ या जुन्या गोळीची माहिती आहे. सुंठ, जिन्सेंग, ज्येष्ठमध आणि ‘बाय-जू’ नावाचे एक मूळ, अशी चार द्रव्ये समभाग घेऊन ती मधात वळतात. मी लिहिले, ‘ही गोळी पोटातील थंडावा घालवते.’ खर्डा आईने वाचला आणि तिने विचारले, ‘थंडावा कशाला घालवायचा ग? तो मिळावा म्हणून तर आपण सब्जा भिजत घालतो.’ तिचे म्हणणे खरे आहे. मूळ चिनी शब्द ‘ली हान’ असा असून ‘ली’ म्हणजे आतले आणि ‘हान’ म्हणजे थंड. अशा रोग्याचे पोट दुखते पण शेकल्यावर बरे वाटते, शौचाला पातळ होते, तहान लागत नाही आणि हातपाय गार असतात. या अवस्थेला मराठीत काय म्हणावे?

भिषक्
आपल्याकडे ‘अग्निमांद्य’ हा नेमका शब्द असताना नवा शोधण्याचे कारण नाही. शीतगुण स्पष्ट करायचाच असेल तर ‘कोष्ठशैत्य’ म्हणावे. शास्त्राचा विषय शास्त्राच्या भाषेतच यावा, असे माझे ठाम मत आहे.

जाईजुई
अग्निमांद्य म्हणजे अग्नी मंद असणे. मला ‘थंडी आत शिरून बसली आहे’ हा भाव हवा आहे. शिवाय ही पुस्तिका दुकानदार, गृहिणी आणि निवृत्त मंडळी वाचणार आहेत. ‘कोष्ठशैत्य’ वाचून त्यांच्यापैकी किती जणांना स्वतःचे पोट आठवेल?

उंबरठा
आपल्या आईंनी बोट ठेवले आहे ते मोलाच्या जागी. मराठीत पोटाच्या बाबतीत ‘थंड’ हा बहुतेक वेळा गुणच असतो. ताक थंड, गुलकंद थंड, कोकमाचे सरबत थंड, आणि समाधान झाले की आपला जीवही थंड होतो. त्रास होतो तो उष्णतेने. ‘उष्णता झाली’ म्हणजे काय, हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. थंडी ‘वाजते’ आणि हीव ‘भरते’, पण हे सगळे अंगाला होते, पोटाला नाही. बाळंतिणीच्या खाटेखाली आजी शेगडी ठेवायची, ओवा आणि बाळंतशेपांची धुरी द्यायची आणि पोटाला लुगड्याचा पट्टा आवळून बांधायची. त्या वेळी ती ‘पोटात वारा धरेल’ असे म्हणायची. म्हणजे आपल्याकडे आत शिरतो तो वारा. नामाचा हट्ट सोडून क्रियापद घ्यावे आणि ‘पोट गारठणे’ असे लिहावे, असे मला वाटते. ‘गारठलेल्या पोटाला ऊब देणारी गोळी’ हे आईंना नक्की कळेल.

भिषक्
गारठतात ती बोटे. पोट गारठल्याचे मी कधी ऐकलेले नाही. बोलीचा आग्रह धरून अर्थ सैल करू नये.

उंबरठा
‘कोष्ठशैत्य’ तरी आपण रुग्णाच्या तोंडून कधी ऐकले आहे का? दोन्ही शब्द घडवलेलेच आहेत. फरक इतकाच की एक ऐकताक्षणी उमगतो.

जाईजुई
आणखी एक अडचण आहे. चिनी वैद्यकात पचनाचा कारभार ‘पी’ या अवयवाकडे आहे आणि इंग्रजीत त्याचे भाषांतर सर्रास प्लीहा असेच करतात. ‘प्लीहेचे दौर्बल्य’ असे लिहावे का?

भिषक्
कृपया लिहू नये. आयुर्वेदात यकृत आणि प्लीहा ही रक्तवह स्रोतसाची, म्हणजे रक्त वाहून नेणाऱ्या मार्गाची, मुळे मानली आहेत. अन्नाशी संबंध अग्नीचा, आणि त्याचे स्थान ग्रहणी, म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग. ‘प्लीहा’ वाचून आयुर्वेदाचा विद्यार्थी भलतीकडेच जाईल.

तळकोकण
आमच्या बाजूला प्लीहेला पानथरी म्हणतात. हिवतापाने पोरांची पानथरी वाढायची, तेव्हा जाणती माणसे डाव्या बरगडीखाली बोटे रोवून ती चाचपत. त्यामुळे आमच्या मनात पानथरी हिवाशी जोडलेली आहे, अन्नपचनाशी नाही. ‘पी’ला ‘पी’च राहू द्यावे आणि पहिल्या वेळी एक वाक्य खर्चून तो शब्द समजावून द्यावा.

हानपाठ
मी काही वर्षे चिनी शिकलो आहे, म्हणून मूळ संदर्भ मांडतो. ही गोळी प्राचीन चिनी वैद्य जांग जुंगजिंग यांच्या इसवी सन २०० च्या सुमाराच्या ‘शांगहान लुन’ या ग्रंथात येते. ‘ह्वोल्वान’ झालेल्या ज्या रोग्यात थंडी अधिक असते आणि ज्याला पाणी नको असते, त्याला ती द्यावी, असे तेथे म्हटले आहे. गोळी कोंबडीच्या अंड्यातील बलकाएवढी असते आणि ती गरम पाण्यात विरघळवून ऊन असतानाच घ्यायची असते. पोट ‘तापले’ नाही तर तीन-चार गोळ्यांपर्यंत वाढवावे, अशीही सूचना आहे. याच द्रव्यांचा काढा दिला असेल, तर जेवायला लागतो तेवढा वेळ जाऊ द्यावा, मग ऊन पेज पाजावी आणि अंगावरचे पांघरूण काढू नये, असे सांगितले आहे. सुंठ आणि ओले आले ही चिनी वैद्यकातही दोन वेगळी औषधे आहेत, ‘गान-ज्यांग’ आणि ‘शंग-ज्यांग’. या गोळीत सुंठच लागते. ‘ह्वोल्वान’ म्हणजे तेव्हा एकाएकी होणाऱ्या उलट्या-जुलाब. आजच्या चिनी भाषेत हाच शब्द पटकीसाठी वापरतात.

तळकोकण
हे वाचून मी थक्क झालो, कारण आमच्या ‘मोडशी’चा प्रवास नेमका उलट झाला आहे. आज मोडशी म्हणजे अपचनाने झालेले जुलाब. ओवा आणि सुंठ घेतली की उतार पडतो. पण एके काळी हाच शब्द पटकीसाठी होता. पोर्तुगिजांनी त्याचे ‘मोर्देशीं’ केले आणि फ्रेंचांनी त्यातून ‘कुत्र्याचे मरण’ अशा अर्थाचा शब्द ऐकला. मुळात तो ‘मोडणे’वरून आला आहे, कारण माणूस मोडून पडतो.

उंबरठा
गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. अशा रोग्याला मिरी आणि जिरे घालून तांदळाचे पाणी पाजतात, अशी नोंद त्यात आहे आणि त्या पाण्याला त्याने ‘कांजे’ म्हटले आहे. तिकडे सुंठीवर ऊन पेज आणि इकडे मिरी घातलेली कांजी, हे साम्य मला फार हृद्य वाटते.

भिषक्
कांजी आणि पेज एक नव्हेत. आयुर्वेदातील कांजी आंबवलेली असते. ‘पेया’वरून आलेली ती पेज.

तळकोकण
शास्त्रात तसे असेलही, पण आमच्या घरी आजाऱ्याला दिलेली न आंबवलेली पेजसुद्धा आजोबा कांजीच म्हणत, आणि आजोबांचे मराठी चुकीचे होते असे मी मान्य करणार नाही.

हानपाठ
एक सूचना राहून गेली. याच गोळीत बचनागाच्या जातीचे ‘फू-ज’ घातलेला एक प्रकार मिळतो. ते मूळ विषारी असून शोधन केल्याशिवाय, म्हणजे प्रक्रियेने त्याचे विष कमी केल्याशिवाय, वापरत नाहीत. पुस्तिकेत दोन्ही गोळ्यांची नावे स्पष्टपणे वेगळी द्यावीत.

जाईजुई
तशी टीप मी आजच घातली. ‘थंडावा’ खोडला आहे आणि ‘पी’ तसाच ठेवला आहे. ‘गारठलेले पोट’ लिहून आईला पुन्हा वाचायला दिले, तेव्हा तिने मान हलवली आणि विचारले, ‘म्हणजे मोडशीच ना?’