शेजारच्या सहकाऱ्याच्या सवयींनी डोकं उठलंय, भांडण न करता काय करता येईल?

कावलेला_कारकून:
मंडळी सल्ला पाहिजे. आमच्याकडे सगळे एकाच हॉलमध्ये बसतात, केबिन फक्त साहेबांना, आणि माझ्या शेजारी जो बसतो तो माणूस म्हणून सोन्यासारखा, कामात पक्का, अडल्यानडल्याला धावून येणारा, पण सवयी म्हणजे... हेडफोन कानाला लावले की कॉलवर असा काही ओरडून बोलतो की समोरच्याला फोनशिवाय ऐकू जाईल. त्यात दर दोन वाक्यांनी घसा खाकरणं. कॉल नसला की टेबलाखाली पाय हलवत बसतो, आमची टेबलं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे माझा मॉनिटर डुलतो, एक्सेलचा बारीक आकडा वाचायला जावं तर तो थरथरतोय. बटणाच्या पेनाची टिकटिक वेगळीच.
शेवटी महागाचे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेतले, तर एसीची घरघर गायब झाली आणि ह्याचा आवाज आणखी स्वच्छ यायला लागला!! टोमणे मारून झाले, "आज घसा बसलाय का रे?" तर म्हणतो नाही रे, एकदम मस्त. बायको म्हणते तोंडावर सांग, मित्र म्हणतो मॅनेजरला मेल टाक. मला भांडण नकोय, उद्या परत त्याच्याच शेजारी बसायचंय.

सरळ_बोला:
मेल अजिबात टाकू नका राव. मॅनेजर त्याला बोलावून सांगणार "तुझ्याबद्दल तक्रार आहे", कोणी केली हे त्याला दोन मिनिटांत कळणार, आणि मग तो तुमच्याशी बोलायचाच बंद होणार. आधी स्वतः सांगा, नाहीच ऐकलं तर मग वरचं दार आहेच.
आणि ते टोमणे बंद करा. ज्याला आपण मोठ्याने बोलतो हेच माहीत नाही त्याला टोमणा कळणार कुठून? चौघांसमोर नको, त्याचा कॉल संपल्या संपल्या तर नकोच, कारण तेव्हा तुम्ही तापलेले असता. जागेवरून उठून जरा बाजूला न्या आणि एवढंच, "अरे तू कॉलवर असलास की मला माझं काही सुचत नाही, आवाज थोडा कमी ठेवशील का". "तू नेहमीच" असं सुरू केलंत की भांडण झालंच समजा. एका वेळी एकच सवय, चार गोष्टींची यादी वाचून दाखवलीत तर समोरचा माणूस चिडणारच.

हेडसेटवाली:
माझं कामच कॉलवरचं आहे म्हणून सांगते, त्याचा आवाज चढतो यात हेडफोनचा मोठा हात असतो. दोन्ही कान गच्च बंद झाले की स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, मग माणूस नकळत मोठ्याने बोलतो. आजूबाजूला गोंगाट असला तरी तसंच होतं, त्याला लोम्बार्ड इफेक्ट म्हणतात, एत्येन लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली मांडलेलं. बऱ्याच हेडसेटमध्ये साइडटोन नावाचं सेटिंग असतं, ते चालू केलं की आपलाच आवाज आपल्या कानात येतो आणि पट्टी आपोआप खाली येते. नसेल तर एक कान उघडा ठेव म्हणावं. हे सांगणं सोपं पण आहे, "तुझ्या हेडसेटचं सेटिंग बघू का" म्हटलं तर कोणाला राग येईल?
तुमच्या हेडफोनचं म्हणाल तर नॉइज कॅन्सलिंग हे एसी, पंखा असल्या एकसुरी खालच्या आवाजांवर चांगलं चालतं, बोलण्यावर तेवढं नाही. त्यापेक्षा कानात फोमचे बोळे, किंवा पावसासारखा एकसारखा आवाज लावून बघा. आणि तुम्ही उगाच नाटक करत नाही आहात बरं का, फोनवरचं एका बाजूचं बोलणं पूर्ण संभाषणापेक्षा जास्त लक्ष खेचतं, कॉर्नेल विद्यापीठातल्या लोकांनी २०१० मध्ये यावर प्रयोग छापलाय. पुढे काय बोलेल याचा अंदाज लागत नाही म्हणून मेंदू तिकडेच कान देऊन बसतो.

बोटभर_फट:
टेबलाचं सोपं आहे. टेबलं बोटभर सरकवून मधे फट ठेवा, हादरा तिथेच थांबेल. स्क्रूने जोडलेली असतील तर मॉनिटरच्या स्टँडखाली जाड रबराचा तुकडा घाला, पूर्ण नाही थांबणार पण आकडे वाचता येतील. यासाठी त्याला काही बोलायची गरजच नाही.
घशाबद्दल जरा जपून. ॲसिडिटी, नाकातून घशात उतरणारा कफ अशी बरीच कारणं असतात. माझ्या मेव्हण्याला बीपीच्या गोळीने कोरडा खोकला लागला होता, रामिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या गोळ्यांनी काहींना होतो तसा, डॉक्टरने गोळी बदलल्यावर थांबला. तेव्हा चेष्टा नको, जमलं तर "किती दिवस चाललंय, डॉक्टरला दाखवलंस का" एवढं काळजीने विचारा, पण गोळ्या वगैरे आपण सुचवू नये.

उलट_बाजू:
सगळे त्याच्याच मागे लागलेत म्हणून विचारतो, पेनाच्या टिकटिकीने तुम्हाला नुसता वैताग येतो की अंगाची लाही होते, उठून पळून जावंसं वाटतं? आणि घरीही कोणाच्या चावण्याच्या, श्वासाच्या आवाजाने तसंच होतं का? मिसोफोनिया नावाचा प्रकार असतो, तसं असेल तर शेजारी कोणीही बसला तरी त्रास राहणारच, मग जागा बदलून मागा आणि कानाच्या किंवा मानसोपचाराच्या डॉक्टरांशी बोला. नसेल तर वरचं सगळं बरोबर आहे.

कावलेला_कारकून:
@उलट_बाजू घरी काही नाही हो, पोरं कानाशी ढोल बडवतात तरी झोपतो मी. हाच एक नग आहे.
टेबलं आत्ताच बघितली, मागच्या बाजूला दोन क्लॅम्प आहेत, काढता येतील, ऑफिसबॉयकडे पाना मागितलाय. साइडटोनचं त्याला दुपारी सांगतो, त्याला असल्या सेटिंगची हौस आहे, तासभर तेच करत बसेल. पेनचं काय करू पण? टोपणाचं पेन भेट दिलं तर फार होईल का?

हेडसेटवाली:
द्या की. फक्त टोपण टकटकणारं नको, ते पण वाजवतात लोक 😄