'पक्षांतर' हा शब्द इथे बसतो का?

कोरांटी: अमेरिकेच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत आणतेय. १८५५, इलिनॉय. तेव्हा सिनेटर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य, थेट लोक निवडत नसत, राज्याचं विधिमंडळ निवडायचं. पहिल्या फेरीत व्हिग पक्षाचे लिंकन ४४, डेमोक्रॅट पक्षाचे शील्ड्स ४१, त्याच पक्षातले पण नाराज ट्रंबुल ५. ट्रंबुलमागचे ते पाचजण डेमोक्रॅट, कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावरून (नव्या प्रदेशांत गुलामगिरी ठेवायची का, हे तिथल्या रहिवाशांवर सोडणारा कायदा) स्वपक्षावर चिडलेले, पण व्हिग माणसाला मत द्यायला काही केल्या तयार नाहीत. शेवटी लिंकननीच आपली मतं ट्रंबुलकडे वळवली. दहाव्या फेरीत ५१ मतं पडून ट्रंबुल सिनेटवर गेले. पुढे दोघेही रिपब्लिकन झाले. मी दोघांबद्दल 'पक्षांतर केलं' लिहिलं. तपासणाऱ्यांनी लिंकनचं खोडलं, ट्रंबुलचं ठेवलं. का?

नदीकाठ: बरोबर खोडलं. पक्षांतर करायचं तर मागे पक्ष उरावा लागतो. व्हिग पक्षच मोडला. वाडा पडल्यावर बिऱ्हाड हलवलं, तर 'घर सोडून गेला' म्हणत नाहीत. डेमोक्रॅट पक्ष मात्र उभा होता. शिवाय ट्रंबुल उतारवयात परत तिकडेच गेले.

पाटीपेन्सिल: मला हे पटत नाही. भाषांतर, स्थलांतर, तसंच पक्षांतर. 'अंतर' म्हणजे दुसरा, एवढंच. त्यात दोष १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर चिकटला. कायद्याचा अर्थ शब्दावर का लादायचा?

माळरान: दोष आधीपासून आहे. माझे वडील ग्रामपंचायतीत होते. सरपंच निवडीत एकानं ऐनवेळी पलीकडं हात वर केला. त्याला गावात कुणी 'पक्षांतर' म्हटलं नाही, 'फुटला' म्हणाले. वीस वर्षांनी त्याच्या मुलाच्या लग्नातही तोच शब्द ऐकला. त्या पाचजणांना 'फुटलेले' म्हणा.

नदीकाठ: पण ते उलट चिकटून राहिले! व्हिगला मत नाही म्हणजे नाही. फुटले ते लिंकनचे.

पाटीपेन्सिल: 'फुटलेले' छापील मजकुरात नको. आणि त्यांना 'आमदार'ही लिहू नका, 'सदस्य' लिहा.

माळरान: का नको? आमदार म्हटलं की वाचकाला लगेच कळतं. आपल्याकडेही राज्यसभेला आमदारच मतं देतात.

नदीकाठ: फक्त विधानसभेचे. इलिनॉयला दोन्ही सभागृहं एकत्र बसली होती, म्हणून 'विधिमंडळ' हाच शब्द.

कोरांटी: विधिमंडळच लिहिलंय. माझा प्रश्न लिंकनचा होता.

पाटीपेन्सिल: तो सुटेलच. आधी 'सिनेटर'ला मराठी शब्द ठरवा.